अपकन्व्हर्जनचे क्वांटम यील्ड दर वेळी वेगळे का येते? तपासणी छेदापासून सुरू करा

तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपात येते. सोडियम इट्रियम फ्लोराइडमध्ये इटर्बियम आणि एर्बियम घालून केलेली तीच पावडर, तोच ९८० नॅनोमीटरचा डायोड लेझर, तोच इंटिग्रेटिंग स्फिअर, म्हणजे आतला प्रकाश सगळीकडे विखुरून एकत्र मोजणारा पांढऱ्या भिंतींचा पोकळ गोल. आणि तरीही सोमवारी क्वांटम यील्ड, म्हणजे शोषलेल्या फोटॉनांच्या तुलनेत बाहेर पडलेल्या फोटॉनांचे प्रमाण, ०.८ टक्के येते व गुरुवारी ०.२५ टक्के. नमुना खराब झाला असावा असे समजून विद्यार्थी नवा नमुना करायला घेतो, त्यात पंधरा दिवस जातात आणि नव्या नमुन्याचा आकडा तिसराच येतो. माझ्याकडे हीच तक्रार इतक्या वेळा आली आहे की आता नमुन्याकडे मी सर्वांत शेवटी पाहतो.

रोडामाइनसारख्या साध्या रंगद्रव्यावर हात बसलेल्या माणसाला ही अडचण अधिक छळते, कारण तेथे क्वांटम यील्ड हा त्या पदार्थाचा गुणधर्म म्हणून वापरता येतो. इथेनॉलमधील रोडामाइन ६जीचे यील्ड सुमारे ९५ टक्के आहे आणि दिवा मंद असो वा प्रखर, त्यात फरक पडत नाही. एक फोटॉन आत जातो आणि जास्तीत जास्त एक बाहेर येतो. अपकन्व्हर्जनमध्ये मात्र कमी ऊर्जेचे दोन किंवा अधिक फोटॉन गोळा होऊन जास्त ऊर्जेचा एक फोटॉन बाहेर पडतो. म्हणून दोन फोटॉनांच्या प्रक्रियेत यील्डची तात्त्विक कमाल मर्यादा ५० टक्के, आणि पहिला फोटॉन शोषलेला आयन मूळ पातळीवर परतण्याआधी त्याच्यापर्यंत दुसऱ्या फोटॉनची ऊर्जा पोचते की नाही यावर सगळे अवलंबून राहते. डाउनकन्व्हर्जन म्हणजे क्वांटम कटिंगमध्ये याच्या उलट एका मोठ्या फोटॉनाचे दोन लहान फोटॉन होतात आणि कमाल मर्यादा २०० टक्के असते. दोन्हींसाठी एकच व्याख्या वापरली जाते, बाहेर पडलेले फोटॉन भागिले शोषलेले फोटॉन. पण माझ्या अनुभवात अपकन्व्हर्जनचा आकडा बहुधा या अपूर्णांकाच्या छेदात बिघडतो आणि डाउनकन्व्हर्जनचा अंशात. त्यामुळे दोन्हींची तपासणी वेगवेगळ्या टोकांकडून करावी लागते.

पहिला प्रश्न: ठिपका केवढा होता?

वरच्या उदाहरणातील ०.८ आणि ०.२५ हे दोन्ही आकडे खरे होते. मधल्या दिवसांत कोणीतरी फायबरच्या टोकाचा कॉलिमेटर (किरण समांतर करणारे भिंग) काढून परत बसवला होता, आणि नमुन्यावर पडणारा ठिपका साधारण १ मिलिमीटर व्यासाचा होता तो २ मिलिमीटरच्या आसपास गेला होता. लेझरची शक्ती १०० मिलिवॅटच राहिली, पण क्षेत्रफळ चौपट झाल्यामुळे शक्तिघनता सुमारे १२.७ वॅट प्रति चौरस सेंटिमीटरवरून ३.२ वर उतरली. कमी शक्तिघनतेच्या प्रदेशात दोन फोटॉनांचे उत्सर्जन घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि शोषण सरळ प्रमाणात; म्हणजे त्यांचा भागाकार, अर्थात यील्ड, घनतेच्या सरळ प्रमाणात बदलते. घनता चौथाईवर आल्यावर यील्डही जवळजवळ चौथाईवर यायलाच हवे होते आणि तसे ते आले.

म्हणून शक्तिघनता सांगितल्याशिवाय अपकन्व्हर्जनच्या यील्डचा आकडा सांगण्यात अर्थ नाही. बॉयर आणि व्हॅन व्हेगल यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेले निरपेक्ष मोजमाप आजही संदर्भ म्हणून वापरता येते, ते याच कारणाने: १० ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांसाठी ०.००५ ते ०.३ टक्के आणि मोठ्या स्फटिकांच्या पावडरीसाठी सुमारे ३ टक्के हे आकडे त्यांनी शक्तिघनतेसह दिले; कणांसाठी ती १५० वॅट प्रति चौरस सेंटिमीटर होती. तुमच्या २० नॅनोमीटरच्या कणांचे यील्ड १० वॅटच्या घनतेवर त्यांच्याशी जुळत नसेल, तर त्यात दुरुस्त करण्यासारखे काहीच नाही.

ठिपक्याचा आकार मोजताना इन्फ्रारेड कार्डावर दिसणारा डाग पट्टीने मोजू नये. कार्ड मध्यभागी संपृक्त होते, कडेला मंद दिसते, आणि डाग पाहणाऱ्याच्या डोळ्यांप्रमाणे लहानमोठा होतो. दाढीचे नवे ब्लेड मायक्रोमीटरच्या सरकत्या चौकटीवर उभे बसवावे, मागे पॉवर मीटर ठेवावा आणि ब्लेड किरणाच्या आडवे थोडे थोडे सरकवत वाचने नोंदवावीत. गाउसी किरणासाठी, म्हणजे मध्यात प्रखर आणि कडेकडे घंटेच्या आकाराने मंद होत जाणाऱ्या किरणासाठी, पॉवर मीटरचे वाचन ८४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर येईपर्यंत ब्लेड जेवढे सरकते, तेवढीच किरणाची ती त्रिज्या, जिथे तीव्रता मध्याच्या साडेतेरा टक्क्यांवर येते. हे पंधरा मिनिटांचे काम आहे. त्याबरोबरच घनता कोणत्या व्याख्येने काढली हेही लिहून ठेवावे, कारण साडेतेरा टक्क्यांच्या व्यासाऐवजी अर्ध्या उंचीवरचा व्यास घेतला तर क्षेत्रफळात जवळजवळ २.९ पटींचा फरक पडतो. दोन प्रयोगशाळांतील कित्येक ‘मतभेद’ मला या एका संख्येत विरघळताना दिसले आहेत.

एकाच घनतेवर थांबूही नये. लेझरची शक्ती किमान शंभर पटींच्या टप्प्यात बदलून उत्सर्जन आणि शक्ती यांचा लॉग-लॉग आलेख काढावा. सुरुवातीला उतार २ च्या जवळ असतो आणि वर जाताना १ कडे झुकतो. यील्ड त्या झुकण्यापाशी स्थिरावू लागते. दोन नमुन्यांची तुलना करायची तर या आलेखावर एकाच घनतेपाशी करावी, नाहीतर दोघांच्या स्थिर टप्प्यांची करावी. थुलियमच्या ४७५ नॅनोमीटरच्या निळ्या उत्सर्जनासाठी तीन फोटॉन लागतात, त्यामुळे तेथे यील्ड घनतेच्या वर्गाप्रमाणे बदलते आणि ठिपक्यातली चूक आणखी महाग पडते.

स्फिअरमधला विखुरलेला प्रकाश

ठिपका नीट मोजूनही यील्ड कायमचे कमी येत असेल तर मोजण्याची पद्धत पाहावी. अनेक उपकरणांच्या सॉफ्टवेअरमध्ये दोनच मोजमापे घेण्याची सोय असते: रिकामा स्फिअर आणि नमुना ठेवलेला स्फिअर. वर्णपटातील लेझरच्या रेषेत जेवढी घट झाली तेवढे शोषण धरले जाते आणि उत्सर्जनाला त्याने भागले जाते. रंगद्रव्यासाठी हे बरोबर आहे. नमुन्याने पहिल्या फटक्यात न शोषलेला प्रकाश स्फिअरच्या भिंतींवरून फिरून पुन्हा नमुन्यावर येतो, त्यातला काही शोषला जातो, आणि तेथूनही त्याच यील्डने उत्सर्जन होते. त्यामुळे अंश आणि छेद दोन्ही सारखेच वाढतात.

अपकन्व्हर्जनमध्ये तो फिरून आलेला प्रकाश साऱ्या स्फिअरभर पसरलेला असतो आणि त्याची घनता थेट किरणाच्या हजारो पटींनी कमी असते. इटर्बियम तो शोषतो, म्हणजे छेद वाढतो. पण त्या घनतेवर अपकन्व्हर्जन जवळजवळ होतच नाही, म्हणजे अंश आहे तिथेच राहतो. परिणामी यील्ड खरोखर आहे त्यापेक्षा कमी दिसते, आणि किती कमी दिसेल हे नमुन्याच्या जाडीवर व स्फिअरच्या आकारावर ठरत असल्यामुळे प्रत्येक प्रयोगशाळेत ते वेगळे निघते.

यावर इलाज म्हणजे डी मेलो, विटमन आणि फ्रेंड यांनी १९९७ मध्ये मांडलेली तीन मोजमापांची पद्धत: रिकामा स्फिअर, नमुना आत पण किरण भिंतीवर, आणि नमुना आत व किरण थेट नमुन्यावर. दुसऱ्या आणि तिसऱ्या मोजमापातील लेझरच्या रेषांच्या गुणोत्तरावरून थेट किरणातून झालेले शोषण वेगळे काढता येते. अपकन्व्हर्जनच्या नमुन्यात दुसऱ्या मोजमापाच्या वेळी हिरवे उत्सर्जन जवळपास शून्य असायला हवे. ते ठळकपणे दिसत असेल, तर किरणाची कड नमुन्याला किंवा क्युव्हेटच्या (द्रव नमुना ठेवायच्या पारदर्शक चौकोनी भांड्याच्या) कडेला चाटून जाते आहे असे समजावे आणि आधी तेवढे दुरुस्त करावे.

शोषण दोन टक्के असेल तर

सायक्लोहेक्झेन या द्रावकात पसरवलेल्या नॅनोकणांचे ९८० नॅनोमीटरला शोषण फार थोडे असते. इटर्बियमचा शोषण-छेदच (एक आयन जेवढ्या क्षेत्रफळावरचा प्रकाश पकडतो ते क्षेत्रफळ; येथे अपूर्णांकाचा छेद नव्हे) मुळात १० चा उणे २० वा घात चौरस सेंटिमीटर या पातळीचा आहे. समजा किरण भिंतीवर असताना लेझरचे वाचन १०० आले आणि नमुन्यावर असताना ९८. शोषण २ टक्के. आता या दोन वाचनांच्या दरम्यान लेझर स्वतःच १ टक्का ढळला, तर तेच शोषण १ टक्का किंवा ३ टक्के निघेल आणि यील्ड दुप्पट तरी होईल किंवा दोन तृतीयांशावर तरी येईल. १ टक्क्याचे ढळणे स्वस्त डायोडसाठी काहीच नाही. त्यात मे महिन्याच्या दुपारी वीज जाऊन वातानुकूलन बंद पडले की डायोडची तरंगलांबी अंशागणिक साधारण ०.३ नॅनोमीटरने सरकते. दहा अंशांत ती ३ नॅनोमीटर सरकेल, आणि इटर्बियमचे शोषण-शिखर ९७६ च्या आसपास अरुंद असल्यामुळे शोषण तिथेच बदलून जाईल.

किरणाच्या वाटेत काचेची पातळ पट्टी तिरकी ठेवून थोडासा प्रकाश एका फोटोडायोडवर घ्यावा आणि प्रत्येक वाचन त्याने भागावे. नमुन्याचे प्रमाण वाढवून शोषण १० टक्क्यांच्या पुढे नेता आले तर उत्तम, मात्र कण गोळे धरत नाहीत ना, हे पाहावे. जाडसर पावडर वापरणाऱ्यांना ही अडचण येत नाही. त्यांच्यापुढे पुनःशोषणाची अडचण असते, कारण बाहेर येणारा ६५५ नॅनोमीटरच्या आसपासचा लाल आणि ५४० चा हिरवा प्रकाश वाटेतले एर्बियम काही प्रमाणात परत गिळते.

नमुना पाण्यात असेल तर छेदाचा प्रश्न आणखी बिकट होतो. ९८० नॅनोमीटरला १ सेंटिमीटर जाडीचे पाणी एक तृतीयांशाहून अधिक प्रकाश शोषते, तर त्यातले कण एक-दोन टक्के. तुलनेसाठी ठेवायच्या कोऱ्या क्युव्हेटमध्ये नेमके तेच द्रावक, तेवढ्याच उंचीपर्यंत असले पाहिजे. रिकामी क्युव्हेट ठेवून काढलेला आकडा टाकून द्यावा. शिवाय पाण्याचे हायड्रॉक्सिल गट कणांच्या पृष्ठभागावरील उत्तेजित आयनांची ऊर्जा कंपनांत ओढून घेतात, त्यामुळे यील्ड खरोखरच कमी होते आणि हिरव्याच्या तुलनेत लाल वाढतो. मोजमापाची चूक आणि हे शमन वेगळे ओळखायचे असेल तर तेच कण जड पाण्यात घालून पाहावेत. शक्ती वाढवताना एर्बियमच्या ५२५ आणि ५४५ नॅनोमीटरच्या पट्ट्यांचे गुणोत्तरही नोंदवावे. ते चढत गेले तर नमुना तापतो आहे, आणि लॉग-लॉग आलेखातील झुकाव संपृक्ततेचा आहे की उष्णतेचा, हा प्रश्न तेथे उभा राहतो.

फिल्टरवर छापलेला आकडा

हा दोष सापडायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. लेझरची रेषा उत्सर्जनापेक्षा इतकी प्रखर असते की डिटेक्टर संपृक्त होऊ नये म्हणून लेझर मोजताना न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर लावावा लागतो. त्यावर २ असे लिहिलेले असते, म्हणजे १ टक्का प्रकाश पार होतो, असे आपण धरून चालतो आणि वाचन शंभराने गुणतो. पण प्रकाश शोषणाऱ्या काचेचे हे फिल्टर दृश्य प्रकाशासाठी ‘न्यूट्रल’ असतात. निकट अवरक्तात ते बहुधा जास्त प्रकाश सोडतात. माझ्या हातातल्या फिल्टरमधून ९८० नॅनोमीटरला ३ टक्के प्रकाश जात होता. म्हणजे लेझरचे, आणि म्हणून शोषलेल्या प्रकाशाचे, फोटॉन आम्ही तिप्पट मोजत होतो आणि कित्येक महिने सगळी यील्ड एक तृतीयांश लिहीत होतो. फिल्टर पॉवर मीटरपुढे धरून त्याच लेझरवर त्याची पारगम्यता मोजायला दोन मिनिटे पुरली असती.

फिल्टरच नको असेल तर दुसरी वाट आहे. मूळ पातळीवरचे आयन फारसे रिकामे होत नसतील तोवर शोषणाचे प्रमाण शक्तीवर अवलंबून नसते, म्हणून ते अगदी कमी शक्तीवर फिल्टरशिवाय मोजावे. उत्सर्जन मात्र पूर्ण शक्तीवर, लेझर अडवणारा शॉर्ट-पास फिल्टर लावून मोजावे, आणि दोन्ही शक्तींचे गुणोत्तर पॉवर मीटरवरून घ्यावे. सिलिकॉनचा डिटेक्टर ९८० च्या पुढे झपाट्याने आंधळा होत जातो, आणि मागून प्रकाश घेणाऱ्या पातळ चकतीच्या कॅमेऱ्यात तेथे व्यतिकरणाच्या लाटाही दिसतात. म्हणून त्या भागातले अंशांकन दिव्याबरोबर आलेल्या कागदावर सोडू नये.

डाउनकन्व्हर्जनचे यील्ड १०० च्या वर गेले तर

येथे तक्रार उलट असते. आकडा चांगला येतो, म्हणून तक्रार करायला कोणी येतच नाही. टर्बियम आणि इटर्बियमच्या जोडीत ४८८ नॅनोमीटरचा एक फोटॉन शोषून ९८० च्या आसपासचे दोन फोटॉन बाहेर यावेत अशी अपेक्षा असते. पण प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या ग्रेटिंगच्या दुसऱ्या क्रमाच्या विवर्तनात ४८८ ची रेषा दुप्पट तरंगलांबीच्या जागी, नेमकी ९७६ वर उमटते, अगदी इटर्बियमच्या शिखरावर. हे भूत ओळखायची सोपी खूण आहे. उत्तेजनाची तरंगलांबी ४८८ वरून ४८६ वर न्यावी. इटर्बियमचे खरे शिखर जागचे हलणार नाही, भूत मात्र ४ नॅनोमीटर सरकून ९७२ वर जाईल. खऱ्या इटर्बियमला १००० ते १०३० नॅनोमीटरकडे रुंद खांदाही असतो, तो भुताला नसतो. मोनोक्रोमेटरपुढे (ग्रेटिंग असलेल्या भागापुढे) ६०० नॅनोमीटरचा लाँग-पास, म्हणजे त्याहून लहान तरंगलांबी अडवणारा, फिल्टर लावला की प्रश्न मिटतो, फक्त तो लावल्यावर लेझरची रेषा वेगळी मोजावी लागते.

यानंतर एकके तपासावीत. अंशांकित स्पेक्ट्रोमीटर बहुधा वॅट प्रति नॅनोमीटर देतो. फोटॉनांची संख्या हवी असेल तर त्याला तरंगलांबीने गुणावे लागते. हे विसरले तर ४९० ते ९८० च्या डाउनकन्व्हर्जनचे यील्ड नेमके निम्मे येते आणि ९८० ते ५४० च्या अपकन्व्हर्जनचे १.८ पट. आकडा अशा ओळखीच्या गुणोत्तराने चुकत असेल तर आधी इथेच पाहावे.

आणि आयुष्यकाळावरून, म्हणजे आयन सरासरी किती वेळ उत्तेजित राहतो त्यावरून, काढलेले यील्ड हे मोजलेले यील्ड मानू नये. इटर्बियम घातल्यावर टर्बियमचा आयुष्यकाळ एक दशांशावर आला, म्हणून ऊर्जा-हस्तांतरण ९० टक्के आणि क्वांटम यील्ड १९० टक्के, असा हिशेब फार वेळा केला जातो. त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: आयुष्यकाळ फक्त इटर्बियमकडे ऊर्जा गेल्यामुळेच घटला, आणि इटर्बियमला मिळालेली सगळी ऊर्जा फोटॉन होऊन बाहेर पडली. इटर्बियमचे प्रमाण जास्त असताना दुसरे गृहीतक साफ कोसळते, कारण ऊर्जा आयनाआयनांतून फिरत एखाद्या दोषापाशी जाऊन नष्ट होते. १९९९ मध्ये लिथियम गॅडोलिनियम फ्लोराइडमधील युरोपियमसाठी प्रसिद्ध झालेला १९० टक्क्यांच्या जवळचा आकडाही आतल्या हस्तांतरणाचा, उत्सर्जन-पट्ट्यांच्या गुणोत्तरांवरून काढलेला होता. स्फिअरमध्ये आत किती फोटॉन गेले व बाहेर किती आले याची ती मोजणी नव्हती. तुमच्या वहीत या दोन आकड्यांना दोन वेगळी नावे द्या.

रिकामा स्फिअर खरोखर रिकामा आहे का?

वरचे सगळे तपासून झाले, तरी एक गोष्ट राहते, आणि सामायिक उपकरणावर ती सर्वांत आधी तपासली तरी चालेल. खोलीत अंधार करावा, लेझरसाठीचा चष्मा लावावा, शक्ती शक्य तितकी कमी ठेवावी, आणि ९८० चा किरण स्फिअरच्या भिंतीवर टाकून उत्सर्जन-पट असलेल्या भागाचे वाचन घ्यावे. आमच्याकडे एकदा रिकाम्या स्फिअरमध्ये ५४० ला सुबक शिखर आले. आदल्या आठवड्यात कोणाची तरी पावडर झाकणाशिवाय उलटली होती आणि चिमटीभर कण तळाशी चिकटून राहिले होते. भिंतीचा लेप दाबून घडवलेल्या फ्लुओरोपॉलिमरचा असेल तर उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे शुद्ध पाण्याखाली बारीक पॉलिश-कागदाने घासून तो स्वच्छ करता येतो. बेरियम सल्फेटचा रंग असेल तर त्याला पाणीही लावू नये. तो खरवडून नवाच द्यावा लागतो. दोन्ही प्रकारांत स्फिअरची परावर्तकता बदललेली असते, म्हणून अंशांकनाचा दिवा लावून प्रतिसाद-वक्र नव्याने घ्यावा आणि त्या तारखेआधीची मोजमापे जुन्या वक्रानेच वाचावीत.